रबरबँडच्या अलीकडची पानं

मुलांनो, इथे आखातात, इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या इमारतीत एक गृहस्थ राहतात. मंदीत कंपनीने घरभाडं देणं बंद केलं, तेव्हापासून बायको-मुलगी पुण्याला आणि हे इथे, शेअरिंगच्या खोलीत. शुक्रवारी सकाळी ते खालच्या बाकावर वाचत बसतात. एकदा मी पुस्तक पाहिलं आणि गोंधळलेच. इंग्रजीत आलेली स्वीडिश कादंबरी, शाळकरी चेटकिणींची! पन्नाशीच्या माणसाने हे का वाचावं? त्यावर पाठ्यपुस्तकासारखं ब्राऊन पेपरचं कव्हर, आणि पुढच्या पानांना रबरबँड.

“लेक वाचतेय, काकू. आठवड्याला एक प्रकरण, मग फोन. एरवी ‘आय ॲम फाइन, बाबा’ म्हणाली की खलास. चेटकिणींवर मात्र अर्धा तास बोलते.”

“आणि रबरबँड?”

“तिच्या पुढे जायचं नाही, असं ठरलंय.”

चेटकिणींच्या त्या पुस्तकमालिकेचा तिसरा भाग अर्ध्यावर आला असताना एका शुक्रवारी ते पुस्तक मिटून बसले होते.

“आज बायको बोलून गेली. पोरीने महिन्यापूर्वीच संपवलंय. माझ्यासाठी दर आठवड्याला न वाचल्यासारखं करते.”

“मग तुम्हीही वाचून टाका की!”

“छे! तिला लगेच कळेल.”

कोण कोणाला सांभाळतंय, मला काही उलगडेना. तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी घाईने चष्मा लावला, रबरबँड चाचपून पाहिला आणि म्हणाले, “हं, बोल. पुढे काय होईल, काय वाटतं तुला?”