टोरंटोचं विमान आणि आमचं अंगण

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. आकडा जुळला तरच मी मानतो… घरचे त्यावरून हसतात. म्हणून जे झालं तेवढंच लिहितो. ठिकाण शहापूर, जिल्हा भंडारा, आमच्या घराचं अंगण. हजर आई, मी आणि माझी बायको सुनंदा.

धाकटा भाऊ नरेश टोरंटोला असतो. दिवाळी करून तो परत निघाला. माणूस प्रवासाला निघाला की आमच्याकडे लगेच झाडत नाहीत. इतर घरी तासभर थांबतात. आई मात्र तो पोहोचेपर्यंत खराट्याला हात लावू देत नाही. आणि हा नियम फक्त नरेशसाठी! मी रोज भंडाऱ्याला दुकानावर जातो — माझी गाडी फाटकाबाहेर पडली की मागे खर्र खर्र सुरू.

दिल्ली ते टोरंटो साडेअकरा हजार किलोमीटर, साधारण पंधरा तास. विमान पहाटे तीनला उडालं होतं, म्हणजे संध्याकाळी सहापर्यंत फटाक्यांचे कागद अंगणातच.

बाराच्या सुमारास खराट्याचा आवाज आला. पाहतो तर आई.

"माय, अजून सहा तास आहेत. हवेत आहे तो."

"उतरला."

"कुठं उतरला? खाली पाणी आहे नुसतं!"

"कुठं ते मले काय माहीत? पाय टेकले त्याचे."

सुनंदा मला म्हणाली, "तुमी हिशेब करत बसा. मायचं झाडून बी झालं."

तीनला सुनंदा कोपऱ्यातले उरलेले कागद लोटायला गेली, तर आई ओरडली, "ठेव खराटा! उठला परत."

रात्री नरेशचा फोन आला. कोणा प्रवाशाच्या छातीत दुखलं म्हणून विमान वाटेतच एका शहरात उतरवलं होतं. तिथून त्याचा फोन लागत नव्हता. मी वेळा दोनदा विचारल्या. आपल्या घड्याळाने पावणेबाराला उतरलं, तीनला उडालं.

नवल वाटलंच… पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त मी जळलो. मागच्या पावसाळ्यात भंडाऱ्याच्या वाटेवरच माझी गाडी घसरली, गुडघा फुटला. लंगडत घरी आलो तर आई म्हणाली, "काहून रे, डबा तसाच आणला?"

त्या रात्री जेवताना विचारलंच. "माय, त्याचं इतक्या दुरून समजते तुले. मी इथं पडलो ते काहून नाही समजलं?"

भाजी वाढता वाढता ती म्हणाली, "तू गेलाच कधी रे?"

"रोज जातो ना भंडाऱ्याले!"

"ते काय जाणं होय? खा, भात थंडा होऊन राहिला."

विमानाचं तिला कसं कळलं, ते आजही मला सांगता येत नाही. तिच्या त्या उत्तराने माझी जळजळ कमी झाली की वाढली, तेही नाही.