हेमाताई आणि न जुळणारी बेरीज

फोन आला तेव्हा मी पनवेल स्टँडसमोर रिक्षाच्या रांगेत उभी होते. हेमाताईंचे गव्हाणचे भाऊ बोलत होते. "म्याडम, ताय गेली आमची. सकाली छातीन दुखला, दवाखान्यान नेईपरयंत काय रायलाच नाय..." पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. आदल्या दिवशी दुपारी हेमाताईंचा मेसेज आला होता, "नव्या फॉर्मच्या मसुद्यातली शेवटची ओळ बघ आणि मला सांग." सोमवारी सांगू, असं म्हणून मी तो तसाच ठेवला होता. रांग पुढे सरकत होती, मागचे लोक मला पुढे व्हा म्हणत होते, आणि मी फोनवर त्या फॉर्ममधली शेवटची ओळ शोधत होते.

या गोष्टीला दोन महिने होत आले. हेमलता घरत हे नाव वाचकांना माहीत असायचं काही कारण नाही. आमच्या सांख्यिकी कार्यालयात त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ गुन्हे, खटले, कैदी आणि बेपत्ता माणसं यांचे तक्ते भरले. निवृत्तीला दोन वर्षं होती. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर नऊ वर्षं बसले, म्हणून हे लिहितेय.

तीन वर्षांपूर्वी शेजारच्या काही देशांच्या सांख्यिकी खात्यांनी मिळून एक काम हाती घेतलं. गुन्हा, न्याय आणि स्थलांतर यांचे आकडे प्रत्येक देश आपापल्या पद्धतीनं मोजतो. एकाकडे जो 'बेपत्ता', तो दुसऱ्याकडे खटल्याची वाट बघणारा 'कच्चा कैदी', आणि तिसऱ्याकडे तो कुठेच नसतो. सगळ्यांनी एकाच व्याख्येनं मोजावं, असा तो विचार. बंदर, कंटेनर यार्ड आणि बांधकामं यामुळे आमच्या भागात लांबलांबून माणसं येतात. म्हणून चाचणीसाठी आमचं कार्यालय निवडलं गेलं, आणि हाताने फॉर्म भरलेला माणूस हवा म्हणून हेमाताई ऑनलाइन बैठकांना बसू लागल्या. त्यांचं इंग्रजी बेताचं होतं. पहिल्या बैठकीआधी त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. समोर पडद्यावर काठमांडूच्या सांख्यिकी खात्यातल्या सबिना मॅडम होत्या. त्या हिंदीतून बोलायला लागल्या आणि ताईंचा हात सुटला.

चाचणीच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातली गोष्ट. एका तुरुंगाचा तक्ता आला आणि त्यातली बेरीज एकाने चुकत होती. कच्च्या कैद्यांची एकूण संख्या लिहिली होती त्यापेक्षा राज्यवार आणि देशवार बेरीज एकाने कमी. असं झालं की तो एक 'इतर'मध्ये टाकायचा, ही आमच्याकडची पद्धत. मीही तेच सुचवलं. ताई म्हणाल्या, "अगं, इतर म्हणजे कोण? कोणीतरी बसलंय ना तिथे आत?" त्यांनी तुरुंगात फोन लावला. तिथल्या कारकुनानं सांगितलं, "मॅडम, तो स्वतःला नेपाळचा सांगतो, पण कागदावर पत्ता खारघरचा. म्हणून कुठेच धरला नाही." ताईंनी नाव विचारलं. वीर भादुर, असं लिहिलेलं होतं.

फोन ठेवल्यावर त्यांनी ते नाव पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं, वीर भादुर, बीरबहादूर. त्यांच्या खारघरच्या इमारतीचे जिने मनमाया नावाची नेपाळी बाई झाडायची. खारघरलाच ओवे गावात भाड्याच्या खोलीत राहायची. तिचा नवरा बीरबहादूर न्हावा शेवाच्या बाजूला एका यार्डात कामाला होता आणि सात महिन्यांपूर्वी कामावरून परत आलाच नव्हता. तिनं बेपत्ता असल्याची तक्रार दिली होती, तिच्याबरोबर ताईच पोलीस ठाण्यात गेल्या होत्या. ती नोंद आमच्याच दुसऱ्या तक्त्यात होती. म्हणजे हा माणूस आमच्याकडे दोन कागदांवर होता आणि दोन्ही कागद एकाच कपाटात होते.

"तोच असेल का गं?" ताईंनी मला विचारलं. "आणि नसला तर? मी तिला काय सांगू?"

तोच होता. डिझेल चोरीच्या संशयावरून इतर तिघांबरोबर त्याला शेजारच्या जिल्ह्यात पकडलं होतं. त्या तिघांना वकील मिळाले, ते सुटले. याचं कोणी आलंच नाही, कारण याच्या कोणाला माहीतच नव्हतं. ताईंनी विधी सेवेतला मोफत वकील गाठला, रजा टाकून तीन तारखांना मनमायाबरोबर गेल्या. जामीन झाला तेव्हा बीरबहादूर इतका वाळला होता की मनमाया आधी त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडेच बघत राहिली.

पुढच्या बैठकीत ताईंनी हे सांगितलं. सगळे हेलावले. मग कोणीतरी उत्साहानं म्हणालं की सगळ्या देशांच्या नावांच्या याद्या एकत्रच करू, म्हणजे असं पुन्हा व्हायचं नाही. मला ते पटलं. ताईंचा चेहरा मात्र उतरला. बैठक संपल्यावर म्हणाल्या, "बीरबहादूरला मी शोधत होते म्हणून बरं झालं. उद्या ती यादी त्याला पकडायला निघालेल्याच्या हातात पडली तर? ज्यांच्याकडे कागद नाहीत, त्यांच्या बायका मग तक्रार द्यायला तरी येतील का?" त्या भीतीनं त्यांना ग्रासलंच. आपणच हे उदाहरण दिलं, आपणच दार उघडलं, असं त्या म्हणायच्या. सबिना मॅडमना सोबत घेऊन त्या सहा महिने एकाच गोष्टीवर अडून राहिल्या. सीमेपलीकडे आकडे जातील, नावं जाणार नाहीत. घरच्यांनी विचारलं तरच त्या एका माणसापुरतं नाव कळवायचं. शेवटी तसं ठरलं.

त्याच सुमारास मनमायाची खोली बंद दिसली. दोघं गावी निघून गेली होती, घरमालकाला एवढंच ठाऊक होतं. फोन लागत नव्हता. कोर्टाची तारीख बुडाली तर पुन्हा वॉरंट, हे ताईंना दिसत होतं. पण त्या विचारायच्या ते वेगळंच. "पोचली असतील का?" जेवताना, जिना उतरताना, मध्येच. मग त्यांनी फॉर्ममध्ये एक ओळ सुचवली, परत गेलेले आणि पोचल्याची खात्री झालेले. सबिना मॅडम म्हणाल्या, "दीदी, हमारे फॉर्म में भी वह कॉलम नहीं है." गेलेला माणूस मोजायला सगळ्यांना येत होतं, पोचलेला कोणालाच नाही.

मसुद्यातली शेवटची ओळ हीच होती. भरायला अवघड, म्हणून ती वगळण्याची शिफारस झाली होती. ताईंनी मला तेच बघायला सांगितलं होतं...

त्या गेल्यानंतर तेरा दिवसांनी अंतिम बैठक होती. त्यांच्या जागी मला बसवलं. नऊ वर्षांत मी कुठल्याही बैठकीत तोंड उघडलं नव्हतं. ओळ वगळण्याचा विषय आला तेव्हा मी हात वर केला आणि मोडक्या इंग्रजीत म्हटलं की ही राहू द्या. अध्यक्षांनी विचारलं, "ही भरणार कोण?" मी म्हटलं, "आम्ही भरू." मग सबिना मॅडमनी हात वर केला. ओळ एक वर्षासाठी राहिली.

मागच्या आठवड्यात सबिना मॅडमचा फोन आला. मनमायानं दिलेली तक्रार हीच घरच्यांची विचारणा धरून, आमच्या विनंतीवरून त्यांनी तिच्या गावी चौकशी केली होती. मनमाया पोचली आहे. बीरबहादूर वाटेतच कुठल्या कामावर उतरला, त्यानंतर त्याची खबर नाही. मी फोन ठेवला आणि ताईंकडे वळले. शेजारची खुर्ची रिकामी होती.

या आठवड्यापासून मी त्यांच्या टेबलावर बसते. टेबलाच्या काचेखाली त्यांनी एक कागद सरकवून ठेवलाय. त्यावर प्रत्येक ठाण्याच्या आणि तुरुंगाच्या कारकुनाचं नाव, नंबर, आणि कोणाच्या मुलीची दहावी आहे, कोणाच्या आईचं ऑपरेशन झालंय, असं बारीक अक्षरात लिहिलेलं. तक्त्यात शून्य आलं की ताई तो कागद बघून फोन लावायच्या आणि एवढंच विचारायच्या, "बघितलंत ना?" शून्य म्हणजे बघितलं आणि कोणी नव्हतं. बघितलंच नसेल तर तसं लिहा, लाज कसली त्यात, असं त्यांचं म्हणणं.

काल एका तुरुंगाचा तक्ता आला. परदेशी कच्चे कैदी, शून्य. मी कागदावरचा नंबर फिरवला. "हेमाताईंच्या टेबलवरून बोलतेय," मी म्हटलं. "शून्य लिहिलंय. बघितलंत ना?"

पलीकडून तो कारकून म्हणाला, "थांबा मॅडम. बघून येतो."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग दूर जाणारी पावलं. मी रिसीव्हर कानाला धरून बसून राहिले.