पडद्यावरचा पाव तास

सिपोरा पेणची, ज्यू. तिचं गोत सगळं इस्रायलला गेलं. ही आणि नवरा एझ्रा, दोघंच मागं राहिली. रोज एसटीनं रोह्याला आमच्या केमिकल कंपनीत यायची. एझ्रा माझ्याबरोबर प्लँटवर, ती कॉम्प्युटरवर. साल असेल ब्याण्णव-त्र्याण्णव.

प्लँटवरच्या मोठ्या टाकीत वाफ आपोआप सुटायला किती वेळ उरला, ते तो कॉम्प्युटरचा डबा नुसत्या सेकंदांत दाखवायचा. सुपरवायझर हैबतराव वैतागले. "बाई, हे हजारांचे आकडे कोण वाचणार? माणसासारखं बोलायला शिकवा त्याला." तिनं शिकवलं. पडद्यावर आपली बोली आली: पाऊण तास, अर्धा तास, पाव तास, आणि शेवटी 'थोडा वेळ'. सगळे खूश. "काय रे एझ्रा, घरी पण बायको पावातच बोलते काय?" मी चिडवायचो.

एकदा पान्हा टाकीत पडला. हैबतरावांनी खाली कॉम्प्युटरच्या खोलीत पडदा बघितला आणि तिथूनच ओरडले. "पाव तास हाय. उतर, घेऊन ये." एझ्रा उतरला. मी टाकीच्या तोंडाशी दोरी धरून वाकलेलो.

खाली खोलीत काय झालं ते मला मागाहून कळलं. सिपोरा हैबतरावांपाशी आली आणि तिच्या डोळ्यांदेखत पडदा पालटला: थोडा वेळ.

"आत्ताच तर पाव तास होता," हैबतराव म्हणाले.

बाई पांढरीफटक पडली. तिनं हिशेब जवळच्या पाव तासाला नेऊन ठेवलेला. आठच मिनिटं उरली तरी डबा पाव तास म्हणायचा. वाफ थांबवायची चावी मोठ्या साहेबांच्या खिशात, आणि साहेब जेवायला गेलेले.

ती जिना चढून आली ती अनवाणी. "जगनभाऊ, वर काढा त्याला!"

"येतो गो," आतून एझ्रा. "पान्हा दिसतोय. पाव तास हाय ना!"

"नाय हाय! मी लिवलंय ते, मला विचार!"

तो कसला ऐकतोय! मी दोरी वर ओढतोय, तो खाली. अशीच पाच-सहा मिनिटं गेली. तिनं मला बाजूला सारलं आणि सरळ टाकीत पाय सोडला.

"तू येत नायस ना? मग मी येते."

आयला, तेव्हा कुठं शिव्या देत चढला. बाहेर पडला नाय तोच आत फुस्स झालं, आणि आम्ही तिघं मागं कोसळलो. टाकीच्या तोंडातून वाफ उसळत होती.

आवाजानं सगळे धावत वर आले. तिनं त्याचं मनगट धरून ठेवलेलं.

"सोड गो, लोक बघतायत," एझ्रा म्हणाला.

तिनं सोडलं नाय. आणि खरं सांगतो, त्यानंही हात ओढून घेतला नाय.