आईचा उजवा हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि तिला माझ्या बाकीच्या सगळ्या भानगडी ठाऊक आहेत. तुम्हालाच का सांगतोय? खरंच माहीत नाही.

ऐंशीच्या दशकात मी ठाण्यात नवा हाडांचा डॉक्टर होतो, आणि स्वतःवर भलताच खूश. खाडीकाठच्या कोळीवाड्यातून एक सहा वर्षांची मुलगी आली – चंद्रा. होडीवरून पडून कोपराच्या जरा वर हाड मोडलेलं. आईनं आधी घरीच तेल लावून हात चोळला, मग आणलं. पण नाडी छान लागत होती, बोटं हलत होती – हे मी स्वतः तपासलं होतं. ऑपरेशन करून हाड बसवलं, दोन तारा घातल्या, हात कोपरात घट्ट दुमडून प्लास्टर केलं आणि डोंबिवलीच्या दवाखान्यात गेलो.

दुपारी सिस्टरचा फोन. मुलगी किंचाळतेय, बोटं गार पडलीत, सरळ करू देत नाही. घट्ट प्लास्टरनं रक्त अडलं होतं; ते कापायला हवं होतं – लगेच. मला कळत नव्हतं का? पाठ होतं. पण बाहेर पेशंट ताटकळले होते, आणि माझ्या हातून चूक होईल हे मला पटतच नव्हतं. पोरं रडतातच, म्हणालो, इंजेक्शन द्या. संध्याकाळी विचारलं तर रडणं थांबलेलं. मला बरं वाटलं. नसा मेल्या की दुखणंही थांबतं – हेही पाठच होतं.

सकाळी प्लास्टर कापलं. उशीर झाला होता. पुढच्या काही महिन्यांत बोटं आत वळली, ती वळलीच.

आईनं विचारलं, असं कसं झालं? आणि मी – मी तिला सांगितलं, "तुम्ही चोळलंत ना, त्यानं झालं."

किती सोपं गेलं ते! तिनं वाद घातला नाही. स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिली.

दहा-बारा वर्षांनी ठाण्याच्या मासळी बाजारात चंद्राची आई दिसली. सगळं डाव्या हातानं करत होती. उजवा मांडीवर पडलेला – मनगट वाकलेलं, बोटं आत वळलेली. हुबेहूब चंद्राचा हात. पडलात का, म्हणून विचारलं. नाही म्हणाली. ज्या हातानं लेकीला चोळलं तो वापरायचाच नाही, असं तिनं तेव्हाच ठरवलं होतं. आता उघडायचा म्हटलं तरी उघडत नव्हता. मी बोटं सरळ करून पाहिली. हलेनात. नक्की कुणाचा हात धरलाय मी, असं क्षणभर झालं.

ती माझ्याकडे मायेनं बघत होती.

"तुमी सांगितलं म्हनून कललं, डाक्टर," ती म्हणाली. "नायतर मी उगाच तुमाला बोल लावला असता."

तेव्हा तरी सांगायचं होतं ना? तिचा हात अजून माझ्या हातात होता. मी म्हणालो, "असू दे."