शेवाळी बटणाचा जोडीदार

कुतूहल हा बाल्याचा अलंकार मानला जातो. प्रौढपणी तो उतरवून ठेवावा, असा शिष्टसंकेत आहे. आमच्या आत्याने तो सत्तरीतही मिरवला, आणि तोही किंचित तिरका.

तिचे बटणांचे दुकान होते. भिंतभर काचेच्या बरण्या, रंगवार लावलेल्या. कोटाचे बटण हरवलेला मनुष्य विषण्ण मुद्रेने येई आणि जोड मिळताच दिग्विजय करून परतल्यासारखा पायऱ्या उतरे. पुढे अशी माणसे विरळ झाली. जागा थोरल्या भावाची, म्हणजे आमच्या वडिलांची. ते म्हणाले, "वर्षअखेरपर्यंत गिऱ्हाईक वाढलं नाही, तर दुकान बंद."

"वेबसाइट करते," आत्या म्हणाली. "माणूस मात्र मी निवडणार."

निवडीची रीतही तिचीच. येईल त्या डिझायनरच्या तळहातावर ती एक शेवाळी बटण ठेवी. "याचा जोडीदार शोधून द्या, मग बोलू." तो जोडीदार दुकानात नाहीच, अशी तिची तीस वर्षांच्या शोधानंतर खात्री झाली होती. जो 'नाही सापडत' असे प्रांजळपणे सांगेल त्याला काम, हा तिचा गुप्त निकष.

पहिल्या गृहस्थांनी साधारण हिरवे बटण पुढे केले. "चालेल की! लांबून कोण बघतंय?"

"घालणारा लांब नसतो," आत्याने दार दाखवले. दुसऱ्याने फोटो काढून, कारखान्यातून तसेच नवे मागवू, असे सुचवले. त्यालाही दार दिसले.

तिसऱ्या आल्या त्या एक निवृत्त भूगोल-शिक्षिका. संकेतस्थळे करायला पन्नाशीनंतर शिकलेल्या. त्यांनी बटण उलटसुलट पाहिले.

"ताई, खिडकीत कधी नमुने लावत होतात?"

"पुठ्ठ्यावर शिवून लावायचो. पुठ्ठा फाटला, तशी बटणं बरण्यांत टाकली."

"रंग बघूनच ना?"

"मग काय, वास घेऊन?"

बाईंनी खदाखदा हसत पिवळी बरणी सतरंजीवर उपडी केली. दोघी फतकल मारून बसल्या. जेवणाचे डबे तसेच राहिले. एक गिऱ्हाईक आले, तेही खाली बसून शोधू लागले. अखेर बाईंनी एक फिकट पिवळे बटण पालथे केले. पाठ शेवाळी! उन्हाने केवळ मुखवर्ण हरण केला होता.

"अगं बाई गं! तीस वर्षं उलट्या बाजूनं बघितलंच नाही मी!" आत्या अशी किंचाळली की वडील वरून धावत आले.

"काय झालं? पडलीस?"

"दादा, मी नापास झाले!" डोळे पुसत, हसत ती म्हणाली. "आणि या पास!"

स्वतःच्या पराभवाने इतके उल्हसित झालेले माणूस आम्ही पुन्हा पाहिले नाही.

बाईंनी वेबसाइटवर प्रत्येक बटण दोन्ही बाजूंनी दाखवले. रंगाऐवजी आकार, छिद्रे आणि पाठ यांवरून शोध घेता येईल अशी योजना केली. वर्ष सरता सरता दूरदूरची पत्रे आणि तुटक्या बटणांची छायाचित्रे येऊ लागली. बंद करण्याचा विषय वडिलांनी काढला नाही. पाकिटे चिकटवायला माणूस कमी पडतो, एवढीच तक्रार केली.

आत्याला जाऊन चार वर्षे झाली. दुकान सकाळी दहाला उघडते. वेबसाइट बाईच सांभाळतात.