दिनकरची गाडी आणि माझा सल्ला

लेथखाली लोखंडाचा कीस साचतो ना, तसं आहे हे. कितीही झाडा, संध्याकाळी परत तेवढाच! आमच्या टूलरूमचे किस्से असेच साचलेत. त्यातले निम्मे दिनकरच्या गाडीचे. आणि त्या किश्श्यांत मी काही फार चांगला माणूस दिसत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

* * *

मी आणि दिनकर शिरसाठ सातपूरच्या कंपनीत एकाच दिवशी लागलो. शेजारशेजारची मशीनं, एकाच दुकानातून घेतलेल्या सायकली. दहा वर्षं डबा एकत्र खाल्ला. मग एके दिवशी हा पठ्ठ्या राजीनामा देऊन मोकळा! शहात्तर-सत्त्याहत्तर साल असेल. पत्र्याच्या शेडमध्ये एक जुना लेथ टाकून म्हणाला, "वर्कशॉप काढलंय."

मी सगळ्यांना सांगितलं, "सहा महिन्यांत परत येतो की नाही बघा."

सहा महिन्यांत त्याने दुसरा लेथ घेतला. पुढे स्कूटर घेतली. मी सायकलवरच. जळलो. उगाच कशाला खोटं बोलू, चांगला जळलो!

* * *

आठ वर्षांनी गेटबाहेरच्या टपरीवर चहा पिता पिता तो म्हणाला, "मध्या, गाडी घेतोय. सेकंडहँड, पण मोठी. इंपोर्टेड!"

मी लगेच म्हणालो, "फियाटला नंबर लाव की. लोक लावतात."

"नंबर येईपर्यंत आप्पा राहतील का रे?"

आप्पा म्हणजे त्याचे वडील. गंगापूर रोडच्या एका बंगल्यात उभा जन्म साहेबाची परदेशी गाडी धुण्यात गेला. रोज पुसायची, चकचकीत करायची, आणि साहेब आला की दार उघडून धरायचं. आत कधी बसले नाहीत. दिनकरला त्यांना तसल्याच गाडीत मागच्या सीटवर बसवायचं होतं. सगळी पुंजी त्यात जाणार होती. गाडी फसवी निघाली तर वर्कशॉपही बसलं असतं.

"तू निवडून दे," तो म्हणाला. कंपनीची जीप दुरुस्त झाली की चालवून बघायला मलाच बोलवायचे. त्यामुळे गाड्यांतलं मला कळतं, असा सगळ्यांचा समज होता. तो खराही होता.

घरी सांगितलं तर बायको पोळी लाटता लाटता म्हणाली, "म्हणजे भावजींना गाडी, आणि आपल्याला काय? सल्ला!"

* * *

पहिली गाडी एका रिटायर्ड डॉक्टरांची. बरोबर आमच्या इन्स्पेक्शनचा कुलकर्णी. या माणसाला मोजल्याशिवाय घास गिळत नाही. त्याने खिशातून फीलर गेज काढला. फट मोजायच्या पात्या असतात ना, त्या. चारही दारांच्या फटी मोजल्या. डॉक्टरांच्या कुत्र्याला बाजूला सारून डिकीचीही मोजली.

"डावं मागचं दार. फट जास्त आहे. रिजेक्ट!"

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "अहो, गाडी घ्यायला आलात की तिला सून करून घ्यायला?"

मी लगेच कुलकर्णीच्या बाजूने. "पंचवीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस आहे, त्याचं ऐकावं." दिनकर हिरमुसला. मला त्या रात्री छान झोप लागली.

* * *

दुसरी गाडी पेठकडच्या एका ठेकेदाराची. काळी, लांबलचक, गोठ्यात उभी. दार उघडलं तर मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली!

कुलकर्णीने गेज परत खिशात घातला. ठेकेदार मात्र जराही ओशाळला नाही. "साहेब, कोंबडी कुठं बी बसत नाय. सीट लय मऊ हाय!"

इंजिन सुरू झालं तेव्हा गोठ्यात धूर झाला आणि म्हैस दावं तोडून पळाली. गाडी साफ संपलेली होती, लांबूनच कळत होतं. आणि मी? मी बॉनेटवर थाप मारून हसत हसत म्हणालो, "दिनकर, घेऊन टाक! अशी परत मिळायची नाही."

आजही आठवलं की लाज वाटते. तेव्हा नाही वाटली.

दिनकर गाडीकडे बघतच नव्हता. माझ्याकडे बघत होता. "बघू," एवढंच म्हणाला.

* * *

तिसरी इंदिरानगरला. तेव्हा तिकडे चार बंगले आणि मधे शेतं. एक वयस्कर इंजिनियर मुलाकडे परदेशी निघाले होते. गाडी जर्मन, क्रीम रंगाची. ऑइल कधी बदललं, टायर कधी बदलले, सगळं वहीत लिहिलेलं.

आमची टूलरूमची एक परीक्षा असते. चालू इंजिनवर रुपया उभा करायचा. थरथरलं की पडतो. मी रुपया उभा केला.

पडला नाही.

मी अॅक्सिलरेटर दाबायला लावला. तरी उभा! कुलकर्णी तर हात जोडायचाच बाकी होता.

मग त्र्यंबक रोडला मी चालवली. तिसऱ्या गिअरला पाय दाबला आणि पाठ सीटला चिकटली. देवा! अशी गाडी मी जन्मात चालवली नव्हती, आणि ही दिनकरच्या दारात उभी राहणार होती.

उतरलो आणि सुरूच झालो. "छे छे! गिअर केवढा कडक! स्पेअर पार्ट मिळायचे नाहीत. पेट्रोल ढोसेल. आणि हा रंग? दवाखान्याची भिंत नुसती!"

कुलकर्णी म्हणाला, "अरे, पण रुपया उभा राहिला की!"

"इंजिन चिकट होतं!" मी ओरडलो.

दिनकर मान हलवत राहिला. "बरं," म्हणाला. नंतर महिनाभर टपरीवर गाडीचा विषयच नाही.

* * *

एका रविवारी सकाळी दारात हॉर्न वाजला. बाहेर आलो तर तीच क्रीम गाडी! झेंडूचा हार घातलेली. दिनकर पेढ्याचा पुडा घेऊन उभा. मागच्या सीटवर नवी टोपी घातलेले आप्पा, दोन्ही हात मांडीवर.

"कसं वाटतंय आप्पा?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

"काचेवर डाग हाय रे," आप्पा म्हणाले. "फडकं दे जरा."

मी दिनकरला बाजूला घेतलं. "अरे, मी नको म्हटलं होतं ना?"

"म्हणून तर घेतली."

"म्हणजे?"

"पेठची गाडी तू हसत हसत घे म्हणालास. हिला नावं ठेवताना तुझा आवाज चिरकला. मध्या, मला गाड्यांतलं काय कळतं? दहा वर्षं तुझ्या शेजारी बसून डबा खाल्लाय. तू तेवढा कळतोस."

मला खाली बघावंसं वाटलं. बघितलंही.

"चल, बस," तो म्हणाला. मी पलीकडच्या दाराकडे निघालो. "तिकडे कुठे? इकडे." त्याने किल्ली माझ्या हातात ठेवली आणि स्वतः शेजारी जाऊन बसला.

मी स्टिअरिंगवर बसलो. पहिला गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला.

"काय रे," दिनकर समोर बघत म्हणाला, "कडक आहे ना गिअर?"

"फार कडक," मी म्हणालो, आणि दुसरा टाकला.