नारळाची टोपी

आमच्या घरात क्रोशाचा नुसता सुकाळ होता. टीव्हीवर रुमाल, रेडिओवर रुमाल, पाण्याच्या माठावरही रुमाल. वडील म्हणायचे, "मी जरा वेळ एका जागी बसलो तर माझ्यावरही घालाल."

आईचा क्रोशा शिस्तीचा. मधोमध साखळीचा छोटा गोल, मग त्याभोवती खांबांच्या, म्हणजे उभ्या टाक्यांच्या, फेऱ्या. प्रत्येक फेरीत खांब वाढवायचे, म्हणजे रुमाल पोळीसारखा सपाट पडतो. काकूचं तंत्र वेगळं. चौकटींच्या कागदावर चित्र काढायचं आणि त्याबरहुकूम काही चौकटी भरायच्या, काही रिकाम्या सोडायच्या. तिचे हंस मला कायम बदकं वाटायचे, पण बोलायची सोय नव्हती. समोरच्या दारातली खाला, आमची मुसलमान शेजारीण, नमाजाच्या जाळीच्या टोप्या विणायची. ना कागद, ना मोजणी. गप्पा मारता मारता तिची सुई पळायची. थोडा गोल झाला की ती खांब वाढवणं थांबवायची, मग कड आपोआप वळायची आणि टोपी तयार.

ताईचं लग्न ठरलं तेव्हा मी सातवीत होते. रुखवतात घरातल्या प्रत्येक बाईच्या हातची एक तरी वस्तू हवी, असा आईचा हट्ट. मला कोणी बायकांत धरत नव्हतं, पण हट्ट मीही धरला. ताई सासरी, अंबाडी गावाला जाणार. तिथे माझ्या हातचं काही नसलं तर ती मला विसरून जाईल, अशी मला खरोखरच भीती वाटत होती. शेवटी आईनं मला टीव्हीवरचा रुमाल सुरू करून दिला.

पुढे लग्नाच्या गडबडीत आई कुठली सापडायला! शुक्रवारी गल्लीतले लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद; खटखट नाही, खाला निवांत. मी विणकाम घेऊन तिच्याकडे गेले. माझा पांढरा गोल बघून ही पोरगी टोपी शिकायला आलीय, असं तिनं गृहीत धरलं. मी काही सांगितलं नाही, तिनं काही विचारलं नाही. "अब बढ़ाना मत, सीधा चल," म्हणाली. मी सरळ चालत राहिले. इतकं भराभर मी कधीच विणलं नव्हतं. कडा वळायला लागल्या तेव्हा वाटलं, इस्त्री केली की बसतील.

"हा रुमाल आहे की वाडगा?" आई ओरडली. "उसव सगळं!"

लग्न तोंडावर आलेलं. मी भोकाड पसरलं. ते ऐकून खाला धावत आली. घोटाळा लक्षात आल्यावर आधी पोट धरून हसली, मग म्हणाली, "उधेड़ना मत, भाभी. इसको सर मिल जाएगा."

ताईनं रुखवताच्या कलशावरचा नारळ उचलला आणि त्याला माझी टोपी चढवली. घट्ट बसली! आईनं नाक मुरडलं, पण साबुदाण्याची खळ करून टोपी कडक केली ती तिनंच. मांडवात हंसांपेक्षा नारळाचीच चौकशी जास्त झाली. काकू बरेच दिवस माझ्याशी तुटक बोलत होती.

पुढे ताई बाळंतपणाला माहेरी आली. बारशाच्या आदल्या दिवशी बाळाचं टोपडं शोधायची धांदल उडाली, तर तिनं बॅगेतून ती टोपी काढली. जरा पिवळी पडलेली, पण अजून कडक.

"त्या नारळाची बर्फी कधीच संपली," ताई म्हणाली. "ही ठेवली होती."

आईनं टोपी कोमट पाण्यात भिजवून खळ काढली, दोरीवर वाळत घातली. एकदा उसव म्हणाली होती, याचा तिला साफ विसर पडला होता.

बारशाला घर बायकांनी भरलं. टोपी घालायला काकू पुढे झाली, तशी ताईनं मला हाक मारली.

"टोपी मावशीनंच घालायची असते," ती म्हणाली.

असा कुठलाही रिवाज नाही. ताईनं तो तिथल्या तिथे शोधून काढला होता.